‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढे काय लिहायचं? एका क्रियापदाची पक्की तयारी

नोकरीचा अर्ज असो, परदेशातल्या विद्यापीठाला पाठवायची मेल असो की नव्या क्लायंटला दिलेलं दोन ओळींचं उत्तर असो, शेवटच्या ओळीत ‘लुक फॉरवर्ड टू’ हटकून येतं. आणि हटकून चुकतं: ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’ सगळा मजकूर जुळवून लिहायचा, स्पेलिंग दोनदा तपासायचं आणि वाचणाऱ्याच्या नजरेसमोर जी ओळ शेवटपर्यंत राहणार नेमकी तीच चुकीची पाठवायची, हे मला फार खटकतं. कारण चूक अवघड नाही. तिच्यामागे एकच गैरसमज आहे, आणि तो दूर झाला की ‘ऑब्जेक्ट टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ अशी या क्रियापदाची भावंडंही सुधारतात. म्हणून या एकाच फ्रेझल व्हर्बवर, म्हणजे दोन-तीन शब्द मिळून बनलेल्या क्रियापदावर, इथे सावकाश बोलायचं ठरवलं आहे. कागद-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

आधी अर्थ पक्का करा

‘लुक फॉरवर्ड टू’ म्हणजे पुढे होणाऱ्या एखाद्या गोष्टीची आनंदानं वाट पाहणं. यात दोन गोष्टी एकत्र आहेत. ती गोष्ट अजून व्हायची आहे, आणि ती होणार याचा आपल्याला आनंद आहे. दोन्हींपैकी एक जरी नसेल तरी दुसरं क्रियापद शोधावं.

स्वारगेटला कोल्हापूरच्या एसटीसाठी उभे असाल तर ‘आय ॲम वेटिंग फॉर द बस’. तिथे ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू द बस’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, बसमध्ये असं काय विशेष आहे? पण कोल्हापूरला मैत्रिणीकडे चार दिवस राहायचं आहे आणि त्याची ओढ लागली आहे, तर ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप’. बँकेकडून चेकबुक यायचं आहे, त्यात आनंद-दुःख काही नाही, येणार एवढंच माहीत आहे: ‘आय ॲम एक्स्पेक्टिंग अ चेकबुक’. आणि निकाल चांगला लागावा असं मनापासून वाटतंय पण खात्री नाही, तर ‘आय होप’. मराठीत या चारही ठिकाणी आपण ‘वाट पाहतोय’ म्हणून भागवू शकतो. इंग्रजीत नाही भागत.

नकारार्थी वाक्य मात्र जपून वापरा. ‘आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग’ याचा अर्थ ‘मी मीटिंगची वाट पाहत नाहीये’ इतका थंड नाही. ‘ती मीटिंग मला नकोशी वाटतेय’ असा त्याचा सरळ अर्थ होतो. डेंटिस्टकडे जायचंय, सोमवार उजाडतोय, घर बदलायचंय, अशा वेळी हे वाक्य चपखल बसतं. साहेबांना लिहिताना दोनदा विचार करा.

सांत्वनाच्या पत्रात, आजारपणाच्या चौकशीत, राजीनाम्याच्या स्वीकृतीत सवयीनं ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ चिकटवू नये. व्याकरण बरोबर असूनही तिथे आनंदाचा सूर कानाला बोचतो.

हा ‘टू’ कुणाचा?

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

इंग्रजीत दिसायला सारखे दोन ‘टू’ आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येतो: टू गो, टू मीट, टू सी. शाळेत आपण त्याला इन्फिनिटिव्ह म्हणून शिकतो. दुसरा ‘टू’ हा प्रिपोझिशन, म्हणजे शब्दयोगी अव्यय. तो नामाआधी येतो: टू पुणे, टू द डॉक्टर, टू माय सिस्टर. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ हा दुसऱ्या जातीचा आहे. तो पुढच्या शब्दाचा नाही, मागच्या दोन शब्दांचा आहे. ‘लुक’, ‘फॉरवर्ड’, ‘टू’ हे तिन्ही मिळून एक क्रियापद होतं आणि ते तिथे संपतं. त्यापुढे आपल्याला नाम हवं.

मग आपण चुकतो का? कारण याच अर्थाच्या आसपासचे बाकी सगळे वाक्प्रयोग पहिल्या जातीचा ‘टू’ घेतात. ‘आय वाँट टू मीट यू’, ‘आय होप टू मीट यू’, ‘आय वुड लाइक टू मीट यू’, ‘आय ॲम ईगर टू मीट यू’. चारही बरोबर. त्यांच्या रांगेत कान सहज पाचवं वाक्य उभं करतो, ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’, आणि ते बरोबर वाटतं. त्यात मराठीत आपल्या डोक्यात ‘भेटायला उत्सुक आहे’ असतं, आणि ‘भेटायला’ म्हणजे ‘टू मीट’ हे गणित तर पाचवीपासून पाठ.

कोणता ‘टू’ आहे हे ओळखायची एक साधी चाचणी आहे. ‘टू’च्या पुढे ‘द वेडिंग’ ठेवून पाहा.

‘आय वाँट टू द वेडिंग.’ बसत नाही.
‘आय होप टू द वेडिंग.’ नाही.
‘आय लुक फॉरवर्ड टू द वेडिंग.’ बसतं.

नाम बसलं की तो ‘टू’ प्रिपोझिशन. नाम बसलं नाही की तो इन्फिनिटिव्हचा. ‘द वेडिंग’ऐवजी ‘इट’ ठेवूनही हीच चाचणी होते. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ रोज ऐकू येतं, ‘आय होप टू इट’ असं कुणी म्हणत नाही.

क्रियापद ठेवायचंच असेल तर त्याला नाम करा

पुढे नामच हवं, पण आपल्याला ‘भेटणं’, ‘ऐकणं’, ‘काम करणं’ अशा क्रिया सांगायच्या आहेत. इंग्रजीत क्रियेचं नाम होतं आयएनजी लावून: मीटिंग, हिअरिंग, वर्किंग. म्हणून:

‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.’
‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’
‘वी लुक फॉरवर्ड टू वर्किंग विथ युअर टीम.’

मराठीत आपणही हेच करतो. ‘मी तुम्हाला भेटण्याची वाट पाहतोय’ या वाक्यातलं ‘भेटण्याची’ हे क्रियापदाचं नाम झालेलंच रूप आहे, म्हणून तर त्याला ‘ची’ लागतो. वाक्य मनात जुळवताना ‘भेटायला उत्सुक’ असं न म्हणता ‘भेटण्याची वाट पाहतोय’ असं म्हणून पाहा. जीभ आपोआप ‘मीटिंग’कडे वळते. ही युक्ती या एका क्रियापदापुरतीच ठेवा. ‘जाण्याची इच्छा’ला इंग्रजीत ‘अ विश टू गो’च होतं, त्यामुळे सगळीकडे ती चालत नाही. बहुतेक ठिकाणी चालते ती वरची ‘द वेडिंग’ची चाचणी.

‘बी’चंही तेच. अर्जांमध्ये सर्रास दिसणारं ‘लुकिंग फॉरवर्ड टू बी अ पार्ट ऑफ युअर कंपनी’ हे ‘टू बीइंग अ पार्ट’ व्हायला हवं. कर्मणी प्रयोगातही ‘टू बीइंग सिलेक्टेड’, ‘टू बीइंग इन्व्हाइटेड’. आणि ‘गो’ आला की ‘टू गोइंग’.

एक वेगळी चूकही इथेच निस्तरू. ‘वेट फॉर’च्या सवयीनं बरेच जण ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर रिप्लाय’ लिहितात. ‘फॉर’ चालत नाही. ‘टू’च.

फसवे शब्द: व्हिजिट, वर्क, रिप्लाय, कॉल

पुस्तकात क्वचित सांगितला जाणारा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नियम माहीत असलेले लोकही इथे अडखळतात.

समजा तुम्ही कुठेतरी वाचलंत, ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय.’ रिप्लायला आयएनजी नाही. ‘वी लुक फॉरवर्ड टू युअर व्हिजिट.’ व्हिजिटलाही नाही. मग आपण म्हणतो, बघा, मूळ रूपही चालतं की! आणि लिहितो, ‘वी लुक फॉरवर्ड टू व्हिजिट युअर फॅक्टरी.’ इथे फसगत होते.

इंग्रजीत असे कितीतरी शब्द आहेत जे नामही असतात आणि क्रियापदही: व्हिजिट, रिप्लाय, कॉल, वर्क, टॉक, सपोर्ट, हेल्प. ‘युअर व्हिजिट’मधलं व्हिजिट हे नाम आहे, ‘तुमची भेट’. ‘व्हिजिट युअर फॅक्टरी’मधलं व्हिजिट हे क्रियापद आहे, ‘भेट देणं’, म्हणून तिथे ‘टू व्हिजिटिंग युअर फॅक्टरी’ हवं.

ओळखायचं कसं? त्या शब्दाच्या आधी ‘युअर’, ‘द’, ‘अ’, ‘अवर’ यांपैकी काही आलं असेल तर तो नाम आहे, त्याला हात लावू नका. आणि त्याच्या पुढे कर्म आलं असेल, म्हणजे कुणाला, कुठे, काय याचं उत्तर लगेच मिळत असेल, तर तो क्रियापद आहे, त्याला आयएनजी लावा.

‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर कॉल.’ नाम. ठीक.
‘लुकिंग फॉरवर्ड टू कॉलिंग यू.’ क्रियापद. ठीक.
‘लुकिंग फॉरवर्ड टू कॉल यू.’ चूक.

‘आय लुक फॉरवर्ड टू वर्क विथ यू’ हे सगळ्यात जास्त दिसणारं वाक्य याच सापळ्यातलं. ‘वर्क’ नाम म्हणून वाचलं तर ‘मला कामाची ओढ आहे’ असा काहीतरी अर्धवट अर्थ निघतो, आणि पुढचं ‘विथ यू’ लोंबकळतं. ‘वर्किंग विथ यू’ लिहा.

‘लुक’ की ‘लुकिंग’?

दोन्ही बरोबर. फरक काळाचा नाही, सुराचा आहे.

‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ हा औपचारिक सूर. अर्ज, तक्रार, विद्यापीठ, सरकारी कार्यालय, ओळख नसलेला माणूस, या सगळ्यांना हा चालतो. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू’ यात जिव्हाळा जास्त आहे. मित्र, सहकारी, नातेवाईक, ज्याच्याशी दोन-चार मेल झाल्या आहेत असा क्लायंट. सुरुवातीचं ‘आय ॲम’ गाळून नुसतं ‘लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू ऑन संडे’ लिहिलं की आणखी मोकळं होतं. व्हॉट्सॲपवर आणि ओळखीच्या मेलमध्ये छान, पहिल्याच औपचारिक पत्रात नको.

आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग प्रकाराला बसणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तिथे लेखनाचा पहिला प्रश्न म्हणजे किमान 150 शब्दांचं पत्र, त्यासाठी साधारण 20 मिनिटं द्यावीत असं सांगितलेलं असतं. पत्र कुणाला आहे त्याप्रमाणे सूर राखणं आणि व्याकरणाची अचूकता, दोन्हींना गुण आहेत. मॅनेजरला ‘आय लुक फॉरवर्ड टू’, मित्राला ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू’ एवढा भेद केला तरी हात पक्का आहे हे दिसतं.

‘आय विल बी लुकिंग फॉरवर्ड टू’ चुकीचं नाही, पण गरज नसते. वाट पाहणं आत्ताच सुरू झालं आहे, मग ‘विल’ कशाला?

भूतकाळ एका ठिकाणी फार कामाला येतो: बेत रद्द झाल्यावर. सहकाऱ्यानं कळवलं की शनिवारचं जेवण होणार नाही. उत्तरात ‘ओके’ लिहिलं तर कोरडं वाटतं. ‘ओह, आय वॉज रिअली लुकिंग फॉरवर्ड टू इट’ लिहिलं की ‘अरेरे, मला फार यायचं होतं’ हा भाव पोचतो, तक्रार न करता. आणि बऱ्याच दिवसांपासूनची ओढ सांगायची असेल तर ‘आय हॅव बीन लुकिंग फॉरवर्ड टू धिस फॉर मंथ्स’. समारंभात भेटल्यावर पहिलं वाक्य म्हणून हे फार गोड आहे.

दुसऱ्याच्या कृतीची वाट पाहताना

‘तुम्ही याल याची वाट पाहतोय’ हे ‘आय लुक फॉरवर्ड दॅट यू विल कम’ होत नाही. या क्रियापदापुढे ‘दॅट’ चालत नाही. पर्याय तीन: ‘आय लुक फॉरवर्ड टू यू कमिंग’ हे बोलण्यातलं, ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर कमिंग’ हे जुन्या वळणाचं औपचारिक, आणि ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर व्हिजिट’ हे सगळ्यात सुटसुटीत. मी तिसरं निवडीन. ‘येणं’, ‘सामील होणं’, ‘मदत करणं’ यांसाठी तयार नाम मिळत असेल तर ते घ्यावं, वाक्य हलकं होतं.

शब्दांच्या जागा

‘लुक’, ‘फॉरवर्ड’, ‘टू’ या तिघांच्या मध्ये कर्म शिरत नाही. ‘पुट ऑफ’सारख्या क्रियापदात ‘पुट द मीटिंग ऑफ’ असं मधे घालता येतं, इथे नाही. कर्म नेहमी ‘टू’नंतर.

जोर द्यायचा असेल तर ‘रिअली’ किंवा ‘व्हेरी मच’ आधी ठेवा: ‘आय ॲम रिअली लुकिंग फॉरवर्ड टू इट’, ‘वी आर व्हेरी मच लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू’. नुसतं ‘व्हेरी लुकिंग फॉरवर्ड’ नको. ‘व्हेरी’ विशेषणाला लागतो, क्रियापदाला एकटा लागत नाही.

कर्म गाळायचं नाही. ‘आर यू कमिंग टू द पार्टी?’ ‘येस, आय ॲम लुकिंग फॉरवर्ड.’ इथे वाक्य अधांतरी राहतं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ म्हणा. ‘टू’शिवायचं ‘लुक फॉरवर्ड’ हे वेगळंच आहे, त्याचा अर्थ नुसता ‘पुढे पाहणं’, जसं ‘मागचं विसरून पुढे पाहू’ म्हणतो तसं.

प्रश्नात मात्र कर्म पुढे जातं आणि ‘टू’ एकटा शेवटी उरतो: ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉरवर्ड टू?’ तो शेवटचा ‘टू’ गाळू नका. ‘आय नीड समथिंग टू लुक फॉरवर्ड टू’ या वाक्यात तर दोन ‘टू’ आहेत. पहिला ‘लुक’च्या आधीचा, इन्फिनिटिव्हचा. शेवटचा आपल्या क्रियापदाचा. दोघेही हवेत. मन रमेल असं पुढे काहीतरी हवंय, हा त्याचा अर्थ.

उच्चारात जोर ‘फॉरवर्ड’च्या ‘फॉर’वर. वाक्याच्या मध्यात ‘टू’ अगदी आखूड, ‘ट’च्या जवळचा, पण प्रश्नाच्या शेवटी आला की पूर्ण. स्पेलिंगमध्ये ‘फॉरवर्ड’चा शेवट डब्ल्यू-ए-आर-डी. डब्ल्यू-ओ-आर-डी लिहून सुरुवातीला एफ-ओ-आर-ई केलं तर तो पुस्तकाची प्रस्तावना या अर्थाचा वेगळाच शब्द होतो.

एक अर्ज दुरुस्त करू

हा नमुना मी तयार केला आहे, पण असे शेवट रोज दिसतात:

‘आय ॲम व्हेरी लुकिंग फॉरवर्ड टू बी अ पार्ट ऑफ युअर ऑर्गनायझेशन. आय विल बी लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर पॉझिटिव्ह रिस्पॉन्स. आय लुक फॉरवर्ड टू मीट यू ॲट द अर्लिएस्ट. थँकिंग यू.’

पहिल्या वाक्यात ‘व्हेरी’ जायला हवं आणि ‘बी’चं ‘बीइंग’ व्हायला हवं. पण व्याकरण सुधारूनही वाक्य उतावळं राहतं. निवड झालेली नाही आणि आपण कंपनीचा भाग होण्याची वाट पाहतोय. नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर हे वाक्य शोभेल. आत्ता ‘आय वुड वेलकम द चान्स टू डिस्कस माय ॲप्लिकेशन’ एवढं पुरे. इथे ‘टू डिस्कस’ कसं काय? चाचणी करा: ‘द चान्स टू द वेडिंग’ बसत नाही, म्हणजे हा इन्फिनिटिव्हचा ‘टू’ आहे.

दुसऱ्या वाक्यात ‘फॉर’चं ‘टू’ करा, ‘विल बी’ काढा. ‘पॉझिटिव्ह रिस्पॉन्स’ आपल्याकडे रुळला आहे, पण उत्तर होकारार्थीच द्या असा आग्रह त्यातून डोकावतो. मी नुसतं ‘युअर रिप्लाय’ लिहीन.

तिसऱ्यात ‘मीटिंग’. आणि ‘ॲट द अर्लिएस्ट’ काढून टाका. भारतात त्याचा अर्थ ‘लवकरात लवकर’ घेतात, पण ब्रिटिश वाचकाला ‘मंडे ॲट द अर्लिएस्ट’ म्हणजे ‘सोमवारच्या आधी नाहीच’ असं कळतं. अर्थ उलटाच की! ‘थँकिंग यू’ऐवजी ‘थँक यू फॉर युअर टाइम’.

तीन वेळा तेच क्रियापद कशाला, एकदाच नीट वापरू:

‘थँक यू फॉर युअर टाइम. आय वुड वेलकम द चान्स टू डिस्कस माय ॲप्लिकेशन, अँड आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’

तक्रारीच्या पत्रात हेच क्रियापद सभ्य पण ठाम काम करतं. ‘आय लुक फॉरवर्ड टू रिसीव्हिंग द रिफंड बाय 15 जुलै.’ पैसे येणारच हे गृहीत धरलं आहे, तारीखही दिली आहे, आणि आवाज चढलेला नाही. ‘आय एक्स्पेक्ट द रिफंड’ लिहिलं की हुकूम होतो. तो दुसऱ्या स्मरणपत्रासाठी राखून ठेवा.

याच ‘टू’ची भावंडं

‘विथ अ व्ह्यू टू’ हे प्रबंध, अहवाल आणि सरकारी पत्रव्यवहारात नेहमी चुकतं. ‘विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्ह’ नव्हे, ‘विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्हिंग’. ‘हरकत असणं’ या अर्थाचं ‘ऑब्जेक्ट टू’: ‘आय ऑब्जेक्ट टू पेइंग ट्वाइस’. ‘व्हेन इट कम्स टू कुकिंग’, ‘इन ॲडिशन टू टीचिंग’, ‘गेट राउंड टू डुइंग’ हीही त्याच घरातली. सगळ्यांवर ‘द वेडिंग’ची चाचणी करून पाहा, नाम बसतं.

‘यूज्ड टू’कडे जरा जास्त लक्ष हवं, कारण तो दोन्हीकडे आहे. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे. आधी ‘ॲम’, म्हणून पुढे आयएनजी. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी मी लवकर उठायचो, आता नाही. ‘ॲम’ नाही, म्हणून पुढे मूळ रूप. एक ‘ॲम’ गळला तर आजही पहाटे उठणारा माणूस ती सवय सोडून बसतो.

नव्या क्रियापदाबद्दल शंका आली तर शिकणाऱ्यांसाठी असलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा, इंग्रजी-मराठी नव्हे. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसोबत असा कोश केला. तो 1942 साली जपानमध्ये छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डनं काढला. त्याचा भर शब्दाच्या अर्थाइतकाच क्रियापदापुढे काय येतं यावर होता. आजच्या ऑक्सफर्ड, केम्ब्रिज, लाँगमनच्या कोशांत, ऑनलाइनसुद्धा, हीच सोय आहे. ‘लुक’ या नोंदीच्या शेवटी फ्रेझल व्हर्ब दिलेली असतात. तिथे ‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढे ‘समथिंग’ आणि ‘डुइंग समथिंग’ असे नमुने दिसतील. ‘डू समथिंग’ दिसणार नाही. तेवढं पाहायचं आणि कोश मिटायचा.

आता तुम्ही करा

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत मोठ्यानं म्हणा, मग उत्तर पाहा.

‘पुढच्या महिन्यापासून तुमच्यासोबत काम करायला मी उत्सुक आहे.’ नोकरी पक्की झाली आहे, तेव्हा बिनदिक्कत: ‘आय लुक फॉरवर्ड टू वर्किंग विथ यू फ्रॉम नेक्स्ट मंथ.’

‘उद्याची परीक्षा नकोशी वाटतेय.’ इथे नकारार्थी रूप: ‘आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू टुमॉरोज एक्झाम.’ एक्झाम नाम आहे, आयएनजीचा प्रश्नच नाही.

‘आजी नातवंडांच्या येण्याकडे डोळे लावून बसली आहे.’ ‘ग्रँडमदर इज लुकिंग फॉरवर्ड टू हर ग्रँडचिल्ड्रन्स व्हिजिट.’ ‘ग्रँडचिल्ड्रन कमिंग’ही चालेल. ‘डोळे लावून’साठी वेगळा शब्द शोधू नका, तो भाव क्रियापदात आलेला आहे.

‘गणपतीला तू कुणाकुणाला भेटायची वाट पाहतोयस?’ ‘हू आर यू लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग ॲट गणपती?’ ‘टू’ इथे मध्यात आहे कारण पुढे ‘सीइंग’ आहे. ‘सीइंग’ काढलंत तर तो शेवटाकडे सरकेल.

आणि हे शेवटचं, थोडं लांब: ‘लहानपणी आम्ही मे महिन्यात कोकणात आजोळी जायची वाट पाहायचो.’ उत्तर: ‘ॲज चिल्ड्रन, वी यूज्ड टू लुक फॉरवर्ड टू गोइंग टू अवर ग्रँडपेरेंट्स हाउस इन कोकण एव्हरी मे.’ यात तीन ‘टू’ आहेत. पहिला ‘यूज्ड’च्या पुढचा, आधी ‘वेअर’ नाही, म्हणून ‘लुक’ मूळ रूपात. दुसरा आपला, म्हणून ‘गोइंग’. तिसरा साधा, घराकडे नेणारा, त्याच्यापुढे ‘अवर ग्रँडपेरेंट्स हाउस’ हे नाम. हे वाक्य न अडखळता म्हणता आलं की पुढच्या मेलची शेवटची ओळ थेट टाइप करा.